क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ असताना

रक्ततपासणीच्या रिपोर्टात ‘सीरम क्रिएटिनिन’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे ०.९ किंवा १.१ असा काहीतरी आकडा आणि शेजारी लॅबने ठरवलेली मर्यादा, बहुधा ०.६ ते १.२च्या आसपास. आकडा मर्यादेत असला तर साध्या अक्षरात छापला जातो, बाहेर गेला तर ठळक. बहुतेक घरांत रिपोर्ट वाचायची रीतही एवढीच असते: ठळक काही आहे का ते पाहायचे, नसेल तर कागदाची घडी घालून औषधांच्या पिशवीत टाकायचा. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘सीकेडी’ म्हणतात, तो नेमका या साध्या अक्षरांत वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. त्याचा माग काढणारी तपासणी ना महाग आहे ना दुर्मीळ. साखर आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर ती बहुतेकांच्या रिपोर्टात आधीच आलेली असते. कमी पडते ते वाचन.

हा आजार दडून राहतो, कारण मूत्रपिंडांकडे शिल्लक भरपूर असते. मुठीएवढ्या एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन छोट्या अवयवांकडे जातो आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत शोषून घेते. लघवी म्हणून बाहेर पडतो तो दीड-दोन लिटर. काही गाळण्या निकामी झाल्या तर उरलेल्या जास्तीचे काम अंगावर घेतात. मूत्रपिंड दान केलेला माणूस उरलेल्या एकावर सर्वसाधारण आयुष्य जगतो ते याच जोरावर. पण हाच मोठेपणा पुढे महागात पडतो. ना दुखते, ना खुपते, लघवी नेहमीसारखी होते. पायावर सूज, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज, जिना चढताना लागणारी धाप ही लक्षणे दिसू लागतात तोवर बहुतेक गाळण्या संपलेल्या असतात. ‘लघवी साफ होते, म्हणजे किडनी चांगली’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. पाणी बाहेर टाकण्याचे काम पुष्कळदा शेवटपर्यंत चालू राहते; आधी बिघडते ते कचरा बाहेर टाकण्याचे काम.

उशीर किती होतो याचा एक हिशेब उपलब्ध आहे. देशभरातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी मिळून केलेल्या ‘इंडियन सीकेडी रजिस्ट्री’चा पहिला अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ रुग्णांची नोंद होती. त्यांतले सुमारे ४८ टक्के तज्ज्ञाकडे आले तेव्हा आजाराच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत डॉक्टरांशी पहिली भेट ही डायलिसिसच्या बोलण्यानेच सुरू झाली असणार.

क्रिएटिनिन हा काही विषारी पदार्थ नव्हे. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा ऊर्जेचा साठा असतो. त्यातला थोडा भाग रोज आपोआप झिजतो आणि त्याचे क्रिएटिनिन होते. एखाद्या माणसाच्या स्नायूंचे वजन फारसे बदलत नाही, म्हणून रोज तयार होणारे क्रिएटिनिनही जवळपास तेवढेच असते. ते रक्तात येते, मूत्रपिंडात गाळले जाते आणि लघवीवाटे निघून जाते. शरीराला त्याचा उपयोग नाही, त्यामुळे गाळलेले परत शोषून घेतले जात नाही. गाळणीची परीक्षा घ्यायला असा पदार्थ सोयीचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३२मध्ये मांसाच्या अर्कातून क्रिएटिन वेगळे केले. क्रिएटिनिन हे नाव जर्मनीच्या लीबिग यांनी १८४७मध्ये दिले. १८८६मध्ये मॅक्स याफे यांना दिसले, की क्रिएटिनिन अल्कधर्मी द्रावणात पिक्रिक आम्लाबरोबर मिसळले की रंग नारिंगी-लाल होतो. १९०४मध्ये ओटो फोलिन यांनी या रंगावरून क्रिएटिनिन मोजण्याची रीत बसवली.

आज शहरातल्या चकचकीत लॅबमध्येही बऱ्याचदा हेच चालते. दंडातून घेतलेले रक्त नळीत गोठू देतात, मग नळी यंत्रात गरगर फिरवतात. लाल पेशी खाली बसतात आणि वर पेंढ्याच्या रंगाचे पाणी उरते, तेच सीरम. त्यातले काही थेंब यंत्र उचलते, पिवळ्या पिक्रेट द्रावणात सोडते आणि मिश्रण हळूहळू नारिंगीकडे झुकते. त्यातून हिरवट प्रकाशाचा झोत जातो. किती प्रकाश अडला आणि किती वेगाने अडत गेला यावरून आकडा निघतो. रक्तातली जास्त साखर, कीटोन किंवा काही प्रतिजैविके यांमुळे हा रंग थोडा चढू शकतो, कावीळ असेल तर आकडा चुकीचा कमीही येऊ शकतो. म्हणून अनेक लॅब आता विकरांवर आधारलेली, अधिक नेमकी पद्धत वापरतात. दोन लॅबच्या आकड्यांत दशांशाचा फरक पडतो तो अशा कारणांनी. मूत्रपिंडाची चौकशी चालू असेल तेव्हा रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्यावे, हा सल्ला यातूनच आला. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. मात्र आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तर सकाळचा आकडा थोडा फुगलेला येतो. शिजवलेल्या मांसातल्या क्रिएटिनचेही क्रिएटिनिन झालेले असते.

आता आकडा ‘मर्यादेत’ असूनही फसवतो कसा, ते पाहू. न्हाणीघरातली मोरी डोळ्यांपुढे आणावी. नळ एकाच धारेने चालू आहे आणि मोरीच्या तोंडाशी केस-कचरा साचत चालला आहे. पाणी बोटभर चढते. चढल्यामुळे दाब वाढतो आणि अरुंद झालेल्या तोंडातूनही पूर्वीइतकेच पाणी निघून जाते. पातळी पुन्हा स्थिर होते, फक्त पहिल्यापेक्षा वर. क्रिएटिनिनचे असेच आहे. गाळण्याची क्षमता निम्मी झाली की रक्तातली पातळी दुप्पट होते आणि तिथे थांबते. ज्या बाईचे स्वतःचे क्रिएटिनिन आयुष्यभर ०.६ होते, तिची अर्धी क्षमता गेली तरी ते होते १.२, बऱ्याच लॅबच्या कागदावर अगदी काठावर किंवा काठाच्या आत. उरलेल्या अर्ध्यातली पुन्हा अर्धी गेली की २.४. तिच्यातलीही अर्धी गेली की ४.८. म्हणजे पहिल्या अर्ध्या नुकसानीची किंमत कागदावर दशांशांत दिसते आणि शेवटच्या थोड्या नुकसानीची पूर्णांकांत. ‘एकदम क्रिएटिनिन वाढले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचे ते एकदम वाढलेले नसते. ते आता कुठे दिसू लागलेले असते. त्यातच मूत्रपिंड थोडे क्रिएटिनिन गाळण्याशिवाय दुसऱ्या वाटेनेही, नलिकांमधून, बाहेर टाकते. गाळणी बिघडली की या वाटेचा वाटा वाढतो आणि आकडा आणखी काही काळ सभ्य दिसत राहतो.

यावर उतारा म्हणून आकड्याला वय आणि लिंग यांची जोड देण्याची कल्पना पुढे आली. मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळला जातो, त्याला जीएफआर म्हणतात. निरोगी तरुण माणसात तो साधारण १०० ते १२५ असतो. तो थेट मोजणे किचकट असते, म्हणून क्रिएटिनिनवरून त्याचा अंदाज काढतात. रिपोर्टात ‘ईजीएफआर’ लिहिलेले असते ते हेच. १९७६मध्ये कॅनडाच्या कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेले सूत्र डॉक्टरांनी अनेक वर्षे वापरले. १९९९मध्ये ‘एमडीआरडी’, २००९मध्ये ‘सीकेडी-ईपीआय’ आणि २०२१मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली. अमेरिकेतल्या जुन्या सूत्रांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यांची मूत्रपिंडे कागदावर आहेत त्यापेक्षा चांगली दिसत आणि उपचारांना उशीर होई, असा आक्षेप होता. २०२१च्या सूत्रातून तो गुणक काढून टाकला गेला.

हे सूत्र चालवून पाहिले की आकड्याचा खोटेपणा लगेच उघडा पडतो. पंचवीस वर्षांचा तरुण आणि पासष्ट वर्षांच्या आजी, दोघांचेही क्रिएटिनिन १.१ आले असे धरू. कागदावर दोघेही नॉर्मल. २०२१च्या सूत्राने तरुणाचा ईजीएफआर येतो ९६ आणि आजींचा ५६. तरुणाची मूत्रपिंडे ठणठणीत आहेत. आजींचा आकडा साठच्या खाली गेला, म्हणजे त्यांची पुढची चौकशी व्हायला हवी. कारण सरळ आहे. वय वाढते तसे स्नायू आटतात, बाईच्या अंगावर ते मुळातच कमी असतात. इतक्या थोड्या स्नायूंतून क्रिएटिनिन कमी तयार व्हायला हवे होते; तरीही रक्तात १.१ साठले, याचा अर्थ निचरा मंदावला आहे. ब्रिटनमधल्या लॅबनी २००६पासून क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर आपणहून छापायला सुरुवात केली. आपल्याकडे काही लॅब तो देतात, काही देत नाहीत. द्यायला खर्च शून्य आहे, संगणकाला फक्त वय आणि लिंग सांगायचे असते. तरीही तो छापला जात नाही, ही आळसाखेरीज दुसरी कोणती गोष्ट म्हणावी? रिपोर्टात नसेल तर डॉक्टरांना विचारावा. सूत्र सगळ्यांसाठी खुले आहे.

लॅबच्या मर्यादेपेक्षा मोलाची तुलना दुसरीच असते: त्याच माणसाच्या जुन्या रिपोर्टाशी. पन्नाशीतल्या एखाद्या गृहस्थांचे क्रिएटिनिन ०.८ होते. दोन वर्षांनी १.० आले, आणखी दोन वर्षांनी १.२. तिन्ही वेळा साधी अक्षरे, तिन्ही वेळा ‘सगळे नॉर्मल आहे’. सूत्राच्या हिशेबाने मात्र त्यांचा ईजीएफआर १०८वरून ९१ आणि ९१वरून ७२ झाला. चार वर्षांत तिसरा हिस्सा गेला आणि एकाही कागदावर ठळक अक्षर उमटले नाही. तिशी-चाळिशीनंतर ईजीएफआर वर्षाला साधारण एकाने उतरतो, ते वयाचे देणे. चार वर्षांत छत्तीसने उतरणे हे वयाचे देणे नव्हे. एकट्या रिपोर्टाला हे सांगता येत नाही; तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले की कोणालाही दिसते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे: क्रिएटिनिन कधी उगाचच घाबरवते. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या आणि क्रिएटिनची पावडर दुधातून घेणाऱ्या तरुणाचे १.४ येऊ शकते आणि मूत्रपिंडे उत्तम असू शकतात. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असताना, उन्हातान्हातून चालून आल्यावर, किंवा ट्रायमेथोप्रिमसारखे औषध चालू असताना आकडा तात्पुरता चढतो. त्या औषधाने तर गाळणी जराही बिघडत नाही. नुसती नलिकांची दुसरी वाट अडते. याच्या नेमके विरुद्ध टोकाला असतात अंथरुणाला खिळलेले, फार कृश झालेले किंवा पाय गमावलेले लोक. त्यांच्या अंगावर स्नायूच नसतात, त्यामुळे ०.७ क्रिएटिनिनही त्यांच्या बाबतीत दिलासा देत नाही. भारतीय माणसाचे, त्यातही शाकाहारी आणि किरकोळ बांध्याच्या माणसाचे स्नायू सरासरीने कमी असतात आणि सगळी सूत्रे परदेशी लोकांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. तेव्हा ईजीएफआर आहे त्याहून थोडा बरा दिसण्याचा धोका इथे जास्त. शंका असेल तेव्हा ‘सिस्टॅटिन सी’ नावाची दुसरी रक्ततपासणी करतात. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायूंवर ते फारसे अवलंबून नसते. मात्र थायरॉइडचा विकार, स्टिरॉइड आणि लठ्ठपणा यांनी तेही हलते, आणि त्याचा खर्च क्रिएटिनिनपेक्षा बराच जास्त असतो. सरसकट सगळ्यांनी ते करून घ्यावे असे नाही.

रक्ताने अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी लघवीत असते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट १८२०च्या दशकात रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली तर तिच्यात अल्ब्युमिन हे प्रथिन आहे, असा निष्कर्ष काढत. अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात खराब झालेली मूत्रपिंडे या तिन्हींची सांगड त्यांनी १८२७मध्ये घातली. निरोगी गाळणी अल्ब्युमिन जाऊ देत नाही. ती विटली की पहिल्यांदा सुटते ते हेच, आणि मधुमेहात तर ईजीएफआर अजून नव्वदच्या वर असतानाच. म्हणूनच मधुमेह्याने नुसते क्रिएटिनिन पाहून निर्धास्त राहणे चुकीचे. या तपासणीचे नाव ‘युरीन एसीआर’, म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. चोवीस तासांची लघवी बरणीत साठवण्याची कटकट यात नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना पुरतो. आकडा ३०च्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम, त्यापुढे गंभीर. ‘युरीन रूटीन’मधल्या पट्टीवर अल्ब्युमिन ‘निल’ आले तरी एसीआर वाढलेला असू शकतो, कारण पट्टीला थोडे अल्ब्युमिन दिसतच नाही. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा जोरदार व्यायाम यांनी हा आकडाही तात्पुरता चढतो.

दोन्ही आकडे हाती आले तरी एका रिपोर्टावर सीकेडीचा शिक्का बसत नाही. ईजीएफआर साठच्या खाली किंवा लघवीत अल्ब्युमिनसारखी बिघाडाची खूण, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले, अशी व्याख्या आहे. हे तीन महिने विसरले की घरात उगीच रडारड होते. अचानक झालेली मूत्रपिंडाची इजा पुष्कळदा भरून येते; जुनाट आजार तसा भरून येत नाही. मात्र आकडा फार वर असेल किंवा लघवी कमी होत असेल तर तीन महिने वाट पाहत बसायचे नसते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. टप्पे ईजीएफआरवर ठरतात. नव्वद किंवा अधिक हा पहिला आणि साठ ते एकोणनव्वद हा दुसरा, पण बिघाडाची दुसरी खूण असेल तरच ते आजारात धरतात. तीस ते एकोणसाठ हा तिसरा; त्याचे पंचेचाळीसवर दोन भाग पाडलेले आहेत. पंधरा ते एकोणतीस चौथा आणि पंधराच्या खाली पाचवा. ऐंशी वर्षांच्या आजोबांचा ईजीएफआर ५५, लघवीत अल्ब्युमिन नाही आणि पाच वर्षांत आकडा हललेला नाही, तर त्यांना ‘किडनीचे पेशंट’ ठरवून जेवणातून डाळ काढून घेण्यात काही अर्थ नाही. याउलट चाळिशीतल्या माणसाचा ईजीएफआर ७५ आणि एसीआर ४०० असेल तर काळजीचे कारण त्याच्याकडे आहे. कॅनडातल्या तांग्री आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये एक सूत्र मांडले. तिसऱ्या टप्प्यापासून पुढच्या रुग्णांसाठी वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर या चारच गोष्टींवरून, दोन आणि पाच वर्षांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका किती, हे त्यातून काढता येते. टप्प्याच्या आकड्यापेक्षा हा धोका डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो.

रिपोर्टातल्या इतर ओळींमध्येही सुगावे असतात. युरिया वाढलेला असला तरी तो भरपूर प्रथिने खाल्ल्याने, पाणी कमी प्यायल्याने किंवा पोटात रक्तस्राव झाल्यानेही वाढतो. एकट्या युरियावर विसंबू नये. हिमोग्लोबिनकडे मात्र नीट पाहावे. रक्तपेशी बनवण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातच तयार होते. लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्या प्रौढाचे रक्त वाढत नाही, त्याचे क्रिएटिनिन पाहिले गेलेले नसेल तर पाहावे. आजार पुढे सरकला की पोटॅशियम आणि फॉस्फरस चढतात, कॅल्शियम उतरते.

तपासणी सरसकट प्रत्येकाची करावी की नाही, याबद्दल जगभर एकमत नाही. कोणाची करावी याबद्दल मात्र आहे. मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, हृदयविकार झालेले, घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असलेले, वारंवार मुतखडे होणारे, पूर्वी कधी मूत्रपिंडाला अचानक इजा झालेले, आणि गरोदरपणात रक्तदाब फार वाढलेल्या स्त्रिया, या सर्वांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि एसीआर दोन्ही करावे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही तपासणी निदानाच्या दिवसापासूनच सुरू होते, कारण साखर नेमकी केव्हापासून वाढलेली आहे ते कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत. या यादीत आणखी एका गटाची भर घालावीच लागते: गुडघेदुखी-कंबरदुखीवर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून महिनोन्महिने खाणारे. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. पुडीत बांधून मिळणारी, आत काय आहे हे न सांगणारी औषधे आणि भस्मेही त्यातच.

मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही मूत्रपिंडे निकामी होतात असे काही टापू भारतात आहेत. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम भाग त्यासाठी जगभर चर्चेत आहे. महाराष्ट्रात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. तिथल्या संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड अनेक वर्षे चालू आहे. विहिरी-बोअरचे खारे पाणी, शेतातला उन्हाचा कामाचा दिवस, फवारणीची औषधे अशी कारणे सांगितली जातात. नेमके कारण कोणते यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. तिथे मधुमेह-रक्तदाब असलेल्यांचीच तपासणी करण्याचा नियम लावला तर तरणेताठे शेतकरी आणि मजूर त्यातून सुटतात. त्या गावांत क्रिएटिनिन सगळ्याच प्रौढांचे व्हायला हवे.

लवकर सापडून उपयोग काय, असे विचारणे पूर्वी रास्त होते. आता नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांच्या जातीच्या गोळ्या गाळणीवरचा आतला दाब कमी करतात. मधुमेही रुग्णांत लोसार्टन आणि इर्बेसार्टन मूत्रपिंडाची पडझड लांबवतात हे २००१मध्येच दिसले होते. त्यानंतर मोठी झेप घेतली ती मुळात साखरेसाठी निघालेल्या ‘एसजीएलटी-२’ गटाने. ‘डापा-सीकेडी’ या २०२०च्या चाचणीत ४,३०४ रुग्ण होते, त्यांतल्या अनेकांना मधुमेह नव्हताच. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये ईजीएफआर निम्म्याहून खाली जाणे, मूत्रपिंडे निकामी होणे किंवा मूत्रपिंडाच्या अथवा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी भारतात या औषधाचे पेटंट संपले आणि अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या कमी किमतीत आल्या. २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही तसेच झाले. मात्र या गोळ्या वाचवतात ते उरलेल्या नेफ्रॉनना. गेलेले परत आणत नाहीत. ईजीएफआर ६० असताना सुरू केलेली गोळी आणि १८ असताना सुरू केलेली गोळी एकच असली, तरी पहिलीकडे वाचवायला पुष्कळ असते.

इथे रिपोर्ट वाचणाऱ्याला चकवणारी एक जागा आहे. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते. वाढ पूर्वीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर औषध चालू ठेवतात. पण आकडा वाढलेला पाहून ‘गोळीने किडनी खराब केली’ असे ठरवून कितीतरी जण नेमके मूत्रपिंड वाचवणारे औषध स्वतःहून बंद करतात.

औषधांबरोबर येते ते मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, सगळे धरून. बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. आजार पुढे गेलेल्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. पोटॅशियम वाढलेल्यांनी शहाळ्याच्या पाण्याबाबतही डॉक्टरांना विचारावे. पेनकिलर टाळावी. आणि सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य टोचायचे असेल, तर ईजीएफआर आधी सांगावा.

डायलिसिसची वेळ आली तर आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला साधारण चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६पासून आहे आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. तरी तालुक्याच्या गावी जाण्या-येण्यातले दिवस, बुडालेली मजुरी आणि सोबतीला लागणारे माणूस यांची भरपाई कोणतीच योजना करत नाही. क्रिएटिनिनची तपासणी मात्र सरकारी रुग्णालयांत मोफत होते आणि खासगी लॅबमध्येही ती स्वस्त तपासण्यांतच मोडते.

हल्ली रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो आणि मोबाइल बदलला की जातो. घरातल्या प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या माणसासाठी वहीचे एक पान ठेवावे: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, लॅबचे नाव. डॉक्टरांकडे जाताना ताज्या रिपोर्टाबरोबर ते पानही न्यावे.